पिल्लाची नखं लागली, रक्त आलं नाही. तरी रेबीजची लस घ्यायची का?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. आमच्या गल्लीत एक कुत्री व्यायली आहे. तिची चार पिल्लं एका बंद दुकानाच्या ओट्याखाली असतात. शाळा सुटली की मुलगी आणि तिचा मोठा भाऊ तिथंच. काल आंघोळ घालताना मुलीच्या मनगटावर दोन ओरखडे दिसले. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, चार दिवसांपूर्वी पिल्लाला उचलताना नखं लागली. सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणे, "तू मारशील, आणि आजी म्हणते तशी पोटात चौदा इंजेक्शनं देतील."

सासूबाईंनी लगेच हळद आणि चुना लावला. शेजारच्या काकू म्हणतात, रक्त आलं नाही ना, मग काही होत नाही, आणि एवढ्याशा पिल्लाला कुठला आलाय रेबीज! मिस्टर म्हणतात, दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवू, ते जगलं तर प्रश्न मिटला. पण चारातलं एक पिल्लू परवापासून दिसत नाही. मुलाला दोन वर्षांपूर्वी कुत्रं चावलं होतं, तेव्हा त्याचा पूर्ण कोर्स झाला आहे. त्यालाही परत लस द्यायची का? पुढच्या आठवड्यात आम्हाला कोकणात गावी जायचं आहे. उशीर तर झाला नाही ना? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
— एक आई, जि. सातारा

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही फोन नंबर दिला होता, म्हणून सोमवारी सकाळी पत्र वाचल्याबरोबर तुमच्याशी बोलले. दुपारपर्यंत तुम्ही मुलीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलात, सिरम (जखमेत टोचायचं, विषाणूशी लगेच लढणारं तयार औषध) आणि लसीचा पहिला डोस झाला, हे कळल्यावर मलाही हायसं वाटलं. फोनवर सगळं घाईत झालं. अजून तीन डोस व्हायचे आहेत आणि घरातली मतं काही एका दिवसात बदलणार नाहीत, म्हणून आता सावकाशीनं लिहिते. ज्यांच्या घरी असाच ओरखडा निघाला आहे आणि "बघू उद्या" चाललं आहे, त्यांनीही हे आपल्यासाठीच लिहिलंय असं समजावं आणि आजच दवाखाना गाठावा.

आधी तुमच्या जिवाला लागलेला प्रश्न. नाही, उशीर झालेला नाही. रेबीजचा विषाणू जखमेतून नसेत शिरतो आणि नसेनसेनं मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडाभरच लागतो, तर क्वचित वर्षाहून जास्त. तो मेंदूत पोचायच्या आत शरीराची तयारी झाली पाहिजे. म्हणून चार दिवसांनी कळलं तरी लस घ्यायची, चार आठवड्यांनी कळलं तरी घ्यायची. पण कळल्यानंतर एक दिवसही दवडायचा नाही, कारण आपल्या मुलाच्या बाबतीत तो विषाणू किती वेगानं जाणार हे आधी सांगता येत नाही. रक्त तपासून कळेल का, असं अनेक पालक विचारतात. नाही कळत. लक्षणं दिसायच्या आधी निदान करणारी तपासणी नाही, आणि पाण्याची, वाऱ्याची भीती वाटायला लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. इतक्या हमखास जीव घेणाऱ्या आजाराला इतकी हमखास थोपवणारी लस आपल्याकडे आहे, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरीही मुलं जातात, ती ओरखड्यापासून लसीपर्यंतच्या त्या अंतरातच.

आता काकूंचं म्हणणं. रक्त आलं नाही तर काही होत नाही, हे खरं नाही. कुत्र्याची लाळ त्याच्या पंजांनाही लागलेली असते, ते सारखं पाय चाटत असतं. ओरखड्यातून रक्त आलं नसलं तरी लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सिरमही लागतं. फोनवर मी तुम्हाला मनगट उजेडात धरायला सांगितलं आणि खपली दिसते का ते विचारलं. एक रेघ नुसती लालसर होती, दुसरीवर बारीक तपकिरी ठिपके होते, ओळीनं तीन-चार. ते ठिपके म्हणजे खपली. कातडी फाटली होती, थोडं का होईना रक्त आलं होतं, आणि मुलीनं ते फ्रॉकला पुसलं असणार. म्हणूनच डॉक्टरांनी तिला तिसऱ्या वर्गातली जखम म्हणून सिरम दिलं.

जखमांचे हे तीन वर्ग समजायला अवघड नाहीत. कुत्र्याला नुसता हात लावला, बिस्किट घातलं, धडधाकट कातडीवर त्यानं चाटलं, तर हात धुवायचे, लस नको. कातडी दाताखाली आली किंवा ओरखडा उठला पण रक्त नाही, तर लस. दात किंवा नख कातडी फाडून आत गेलं, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर लस आणि सिरम दोन्ही. शेवटचं लोकांच्या लक्षातच येत नाही. पिल्लू तोंड चाटतं तेव्हा कौतुकानं फोटो काढतात, आणि ओठ फुटलेला असतो.

पिल्लाला रेबीज नसतो, हा तर फार धोक्याचा समज आहे. पिल्लाला दुसरं कुत्रं चावू शकतं, आई पिसाळली असेल तर तिच्याकडूनही त्याला होऊ शकतो. शिवाय कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर देतात, म्हणजे इतक्या लहान पिल्लाला लसीचं संरक्षणही नसतं. मांजराच्या बोचकाऱ्यालाही हेच नियम. माकड, कोल्हा, मुंगूस चावलं तरी तेच. घरातला उंदीर किंवा खार चावली तर सहसा लस लागत नाही, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदी निराधार नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. कुत्र्या-मांजराच्या लाळेत विषाणू उतरतो तो लक्षणं दिसायच्या फार तर काही दिवस आधी, आणि त्यानंतर ते जनावर लवकरच मरतं. चावल्यानंतर दहा दिवस ते ठणठणीत राहिलं, तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. दहा दिवसांचा हिशेब तिथून आला. पण हे लक्ष ठेवायचं ते लस सुरू करून, लसीऐवजी नाही. अकराव्या दिवशी जनावर धडधाकट असेल तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर ठरवतात. आणि हा हिशेब घरच्या, बांधलेल्या, ओळखीच्या जनावराला लागू पडतो. तुमच्या गल्लीत चार सारखी पिल्लं, नख नेमकं कुणाचं लागलं हे सात वर्षांच्या मुलीला सांगता येणार नाही, आणि एक तर गायबच आहे. लक्ष कुणावर ठेवणार? मिस्टरांना हे असंच्या असं वाचून दाखवा.

हळद-चुन्याबद्दल सासूबाईंना बोल लावू नका. नातीच्या काळजीनंच केलं त्यांनी. पण जखमेवर हळद, चुना, तिखट, तेल, झाडपाला यातलं काहीच लावायचं नाही. त्यानं जखम चिघळते आणि विषाणूला कातडीच्या आत शिरायला मदत होते. करायचं ते इतकं साधं आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही: साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं. या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं, साबणानं ते विरघळतं आणि विषाणू मरतो. घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं फार मोठी असतात. मूल तिसऱ्या मिनिटाला हात ओढून घेतं. त्याला स्टुलावर बसवा, गोष्ट सांगा, पण नळ बंद करू नका. नंतर घरात पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक असेल तर ते लावा. पट्टी घट्ट बांधू नका. आणि कुणी टाके घालू म्हणालं तर आधी सिरम दिलंय का विचारा. चार दिवस उलटून गेले होते तरी मी तुम्हाला आधी चुना धुऊन काढायला सांगितलं, ते याचसाठी. उशिरा कळलं तरी जखम धुवायचीच.

सिरम आणि लस यांत लोकांचा फार गोंधळ होतो. लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, बनवायला लागतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. मधल्या काळात काय? त्यासाठी तयार प्रतिपिंडं, म्हणजेच सिरम, थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. ते एकदाच, शक्यतो लसीच्या पहिल्या डोसाबरोबर. त्या दिवशी नाहीच मिळालं तर पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत. त्यानंतर उपयोग नाही, कारण तोवर लस आपलं काम करायला लागलेली असते. सिरमची मात्रा वजनावर असते, म्हणून मुलाचं वजन करून घ्यायला सांगा, अंदाजानं सांगू नका. घोड्यापासून बनवलेलं सिरम किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं किलोमागे २० युनिट. तुमची मुलगी २२ किलोची आहे, म्हणजे घोड्याचं सिरम असेल तर ८८० युनिट. लसीचं मात्र तसं नाही. लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला लसीची मात्रा एकच.

सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सिरम असतंच असं नाही. नसेल तर तिथं लस सुरू करून तसंच पुढे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जायचं. "इथं लस मिळाली, झालं" म्हणून परत फिरायचं नाही. निघण्याआधी फोन करून विचारलं तर हेलपाटा वाचतो.

जखमेत सुई घालतात तेव्हा दुखतं, मूल रडतं. मनगटाला मांस कमी, तिथं तर जास्तच. तुमची मुलगीही खूप रडली म्हणालात. नर्स हात धरते तेव्हा आईनं बाहेर जाऊ नये. मुलाला मांडीवर घ्यावं, त्याचं तोंड आपल्याकडे वळवावं आणि "दुखणार नाही" असं मुळीच म्हणू नये. दुखेल, थोडा वेळ दुखेल, मी इथंच आहे, एवढं म्हणावं. नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं.

तुम्हाला दिलेली लस कातडीत टोचायची आहे. दोन्ही दंडांवर एकेक, प्रत्येकी ०.१ मिली, आणि दिवस ०, ३, ७ आणि २८. शून्य दिवस म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस, चावलं तो नाही. तुमचा सोमवारी झाला, म्हणजे पुढचा या गुरुवारी, मग पुढच्या सोमवारी, आणि शेवटचा पहिल्या डोसानंतर चार आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी. खासगी दवाखान्यात बरेचदा स्नायूत देतात, तेव्हा दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस होतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. अगदी लहान मुलांना स्नायूतली लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथं दिली तर ती नीट लागू होत नाही. कुणी तिथं द्यायला लागलं तर बेधडक थांबवा. पथ्य काही नाही, शाळा चालू, आंघोळ चालू. ताप-सर्दी असली तरी डोस चुकवायचा नाही. मुलाला स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं दुसरं औषध चालू असेल तर मात्र ते आधी सांगा.

आणि आता ज्या वाक्यापाशी मी थांबले ते वाक्य: "तू मारशील, आणि पोटात चौदा इंजेक्शनं देतील."

ती चौदा इंजेक्शनं सासूबाईंनी मनानं रचलेली नाहीत. हिमाचलमधल्या कसौलीच्या संशोधन संस्थेत डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तयार केलेली लस आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षं चालली. ती मेंढीच्या मेंदूपासून बनायची, मात्रा मोठी असायची, म्हणून पोटावर रोज एक टोचायचे. दुखायचं, सुजायचं, आणि क्वचित लकव्यासारखा त्रासही व्हायचा. आजीच्या पिढीनं ते सोसलेलं आणि पाहिलेलं आहे. पण २००४ च्या अखेरीस भारतात ती लस बंद झाली. आताची लस पेशींवर वाढवलेली, दंडात टोचायची. पोटाचा संबंधच उरला नाही. तरी मुलांना धाक घालायला चौदा इंजेक्शनं घराघरांत अजून आहेत: कुत्र्याजवळ जाऊ नकोस, नाहीतर चौदा इंजेक्शनं. याचा परिणाम काय होतो? मूल कुत्र्याजवळ जायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं. संशयित जनावर चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलं बुटकी, त्यामुळे त्यांना चेहऱ्यावर, मानेवर, हातावर जखमा होतात. तिथून मेंदू जवळ, आणि हाताच्या पंजात नसांचं जाळं दाट. म्हणजे ज्यांनी सगळ्यात आधी सांगायला हवं तीच सगळ्यात जास्त लपवतात, कारण आपण त्यांना इंजेक्शनाची आणि माराची भीती घालून ठेवली आहे.

म्हणून ताई, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. मुलीला रागावू नका. चार दिवस का लपवलंस, हा प्रश्न परत विचारूच नका. तिला सांगा, तू सांगितलंस म्हणून आपल्याला औषध करता आलं, शाब्बास. आणि हे तिच्या भावासमोर सांगा, म्हणजे तोही ऐकेल. घरात एक नियम करा: जनावर चावलं, ओरबाडलं, तोंड चाटलं, तर आधी आईला सांगायचं, आणि त्या दिवशी कुणीही रागावणार नाही. पिल्लाशी खेळू नको म्हटलं होतं तरी गेलीस का, हे विचारायचंच असेल तर आठवड्यानं विचारा. सासूबाईंनाही हात जोडून सांगा की चौदा इंजेक्शनांची भीती आता घालू नका. त्या ऐकतील. नातीला काय होऊ शकलं असतं हे त्यांनाही कळलं आहे.

मुलाबद्दल. दोन वर्षांपूर्वी त्याचा कोर्स पूर्ण झाला असेल आणि कार्ड असेल, तर त्याला सिरम लागत नाही. त्यालाही नखं लागली असतील तर फक्त दोन डोस, दिवस ० आणि ३. नुसता पिल्लांशी खेळला असेल तर काहीच नको. पण त्याला जवळ बसवून हात-पाय, कोपर, पोटऱ्या बघा. मुलं नखं कुरतडतात, नखांच्या कडेची कातडी सोललेली असते, आणि तिथंच पिल्लू चाटतं. तेही विचारा.

ओट्याखालची पिल्लं कुणी मारून टाकू नयेत, लांब नेऊन सोडू नयेत. त्यानं गल्लीतला रेबीज जात नाही. जी कुत्री राहतात त्यांना लस टोचली तर जातो. गोव्यात २०१४ पासून गावोगाव फिरून दरवर्षी कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. वस्तीतल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. तुमच्या नगरपालिकेत गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या: कुत्रीची नसबंदी आणि लसीकरण, आणि पिल्लं तीन महिन्यांची झाली की त्यांचंही. काकूंची सही आधी घ्या. तोपर्यंत मुलांना शिकवा की व्यायलेल्या कुत्रीच्या पिल्लांना उचलायचं नाही, खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, अंगावर आलं तर पळायचं नाही, हात जवळ घेऊन गप्प उभं राहायचं.

राहता राहिलं कोकणात जाणं. जरूर जा. तुम्ही असाल त्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात सोमवारचा डोस मिळेल, फक्त कार्ड बरोबर न्या. तिथं कातडीत देत नसतील आणि स्नायूत देणार असतील तरी थांबू नका, तिथले डॉक्टर पुढचं वेळापत्रक ठरवतील. प्रवासात एखादा दिवस पुढे-मागे झाला तर कोर्स पहिल्यापासून करावा लागत नाही, चुकलेला डोस लगेच घ्यायचा आणि पुढचे ठरल्याप्रमाणे. लोक सगळ्यात जास्त चुकवतात तो २८ व्या दिवसाचा. तोपर्यंत ओरखडा पुसट झालेला असतो, मूल हुंदडत असतं, शाळेची गडबड असते. तो सोमवार आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. कोर्स पूर्ण झाला की कार्डाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि कार्ड तिच्या जन्मापासूनच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवा. मुलाचं जुनं कार्डही शोधा आणि तिथंच ठेवा.